ठेच लागली, हे सांगणार कोण?

नमस्कार मंडळी.

आपल्या मेळाव्यात ज्यांचं चांगलं झालं ते बोलतात, आपण टाळ्या वाजवतो. वाजवायलाच हव्यात. पण परवा माझी लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या मंडळात कुणाचं कधी काही बिनसलंच नाही का? मग आम्ही शिकायचं कुणाकडून?" तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. खरं आहे. पण पुढचा लंगडत असूनही "मजेत आहे" म्हणत राहिला, तर मागच्याला कळणार कसं?

विमानवाल्यांनी ही किंमत मोजली आहे. २७ मार्च १९७७ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावत सुटलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, समोरचं विमान बाजूला झालंय ना? त्याने विचारलंसुद्धा. अनुभवी कॅप्टनने ती उडवून लावली. अशा अपघातांनंतर वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं. धाकट्याने शंका बोलून दाखवायची, थोरल्याने ती ऐकून घ्यायची. माझ्या लेकीची शंकाही मला त्याच जातीची वाटते. अमेरिकेत तर १९७६पासून वैमानिक स्वतःची चूक नासाला कळवू शकतात. नासा नाव काढून टाकून तो अनुभव इतरांपुढे ठेवते आणि नकळत झालेल्या चुकीसाठी सहसा शिक्षा होत नाही. म्हणून तर लोक कळवतात.

आपल्याकडे? नोकरी गेली की माणूस मंडळात यायचा बंद होतो. संसार मोडला की निमंत्रणं आटतात. नव्याने आलेला मुलगा डोळे झाकून भागीदारीच्या करारावर सही करायला निघालेला असतो, आणि त्यातल्या कुठल्या कलमाने माणूस बुडतो हे ज्याला ठाऊक आहे, तो दोन खुर्च्या पलीकडे गप्प बसलेला असतो. तोंड उघडलं तर रात्री घरोघरी फोनाफोनी होईल, हे तो जाणतो. मंडळी, ते फोन आपणच करतो. ते थांबले पाहिजेत.

धंद्यात सगळं गमावून पुन्हा उभे राहिलेले एक ज्येष्ठ स्नेही आपल्यात आहेत. मुलांशी त्याबद्दल बोलाल का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मुलांशी बोलेन. त्यांच्या आईबापांना बाहेर बसवाल का?"

त्यांना काय उत्तर देऊ, ते मला तुम्हीच सांगा.