पूल ओलांडायची गरज संपली

(दृश्य: जॉर्ज वॉशिंग्टन पूल, सायकलवाले)

हा जॉर्ज वॉशिंग्टन पूल. खाली हडसन नदी, या बाजूला न्यूयॉर्क, त्या बाजूला न्यू जर्सी. 2022 च्या जानेवारीपर्यंत न्यूयॉर्कची माणसं सायकल हाणत पलीकडे जायची, मोबाईल काढायची, मॅचवर पैसे लावायची आणि सायकल वळवून परत घरी. मोबाईलवरचा सट्टा न्यू जर्सीत कायदेशीर होता, न्यूयॉर्कमध्ये नव्हता, आणि तुम्ही कुठल्या राज्यात उभे आहात हे ॲपला लोकेशनवरून बरोब्बर कळायचं.

(दृश्य: मॉनमथ पार्क, घोडे सुटतात)

आता आपण आलोय न्यू जर्सीतल्याच मॉनमथ पार्कला, हे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. 1992 ला अमेरिकन संसदेनं कायदा केला होता की राज्यांनी खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायची नाही, नेवाडासारखे मोजके अपवाद सोडून. त्यामागे होते सिनेटर बिल ब्रॅडली, न्यू जर्सीचेच, राजकारणाआधी न्यूयॉर्क निक्सकडून बास्केटबॉल खेळलेले. आणि तो कायदा पाडला त्यांच्याच राज्यानं. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीचे कॅसिनो बसत चालले होते, राज्याला पैसा हवा होता, 2011 ला लोकांनी मतदानात हो म्हटलं, 2012 ला राज्यानं स्वतःचा कायदा केला, मग बास्केटबॉलची एनबीए, अमेरिकन फुटबॉलची एनएफएल, बेसबॉलवाले सगळे मिळून कोर्टात गेले, का तर सट्ट्यानं खेळाची इज्जत जाईल, आणि हे सगळं 2018 पर्यंत चाललं. 14 मे 2018, सुप्रीम कोर्टानं 1992 चा कायदा रद्द केला. सट्टा चांगला असं कोर्ट म्हणालं नाही हां, एवढंच म्हणालं की राज्यांनी कुठला कायदा करायचा नाही हा हुकूम संसद देऊ शकत नाही. बरोबर महिन्यानं, 14 जूनला, गव्हर्नर फिल मर्फी यांनी इथेच पहिले पैसे लावले. आणि कोर्टात भांडलेल्या त्याच एनबीएनं जुलैअखेर एका कॅसिनो कंपनीशी करार केला!

(दृश्य: मोबाईल स्क्रीन, जवळून)

आता ही स्क्रीन बघा. ड्राफ्टकिंग्ज, फॅनड्युएल, या कंपन्या आधी फँटसी गेम चालवायच्या, आपल्याकडचं ड्रीम इलेव्हन होतं तसं, म्हणजे ॲप तयार, गिऱ्हाईक तयार, फक्त कायदा बदलायचा बाकी होता. दोन्ही टीम तोडीस तोड असल्या तरी भाव साधारण असा, 110 डॉलर लावा, जिंकलात तर वर 100 मिळतील, म्हणजे निम्म्या वेळा बरोबर आलात तरी तुम्ही तोट्यातच. आणि हे सारखे बदलणारे आकडे म्हणजे मॅच चालू असतानाचे भाव, पुढचा पॉइंट कोणाचा, पुढची बास्केट कोणाची, एक हरलात की लगेच दुसरा डाव समोर. पुलावर जायला लागायचं तेव्हा निदान तेवढा वेळ तरी विचार करायला मिळायचा, आता सोफ्यावरून उठावंही लागत नाही.

यात पगार जातात, घरं मोडतात, कॉलेजची पोरं कर्जात बुडतात, आणि जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात हेल्पलाइनचा नंबर असतो.

(दृश्य: वॉशिंग्टन, संसदेची इमारत)

आज तीसहून जास्त राज्यांत हे चालतं, एकटं न्यूयॉर्क कंपन्यांच्या मोबाईल सट्ट्याच्या कमाईवर 51 टक्के कर घेतं, मग सरकारं स्वतःहून कशाला थांबवतील? 2024 मध्ये संसदेत सेफ बेट नावाचं विधेयक आलं, लाइव्ह मॅचमध्ये जाहिरात नको, क्रेडिट कार्डानं पैसे भरणं नको, 24 तासांत पाचपेक्षा जास्त वेळा भरणा नको. ते अजून पास झालेलं नाही, आणि ते व्हायलाच हवं.