नळीत नसलेले स्वर

(पडद्यावर: पितळी नळीचं वेटोळं, अगदी जवळून. बटणं नाहीत, भोकं नाहीत.)

हे अठराव्या शतकातलं हॉर्न. शिकारीच्या रानातून ऑर्केस्ट्रात आलेलं. बारा-चौदा फुटांची पितळी नळी, वळवून वळवून हातात मावेल एवढी केलेली. वाजवणारा ओठांचा ताण बदलतो आणि नळी तिच्याजवळ असतील तेवढेच स्वर देते. तंबोरा सुरेल जुळला की न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो ना, त्यातलाच हा प्रकार. खाली षड्ज, पंचम, पुन्हा षड्ज, मग गांधार, पंचम. सलग सारेगम हवं असेल तर पार वर चढावं लागतं, आणि तिथला मध्यमसुद्धा धड शुद्ध नाही, धड तीव्र नाही.

पाश्चात्त्य संगीताचा इतिहास सांगताना बरोक, क्लासिकल, रोमँटिक असे कप्पे पाडायची पद्धत आहे. पाडायला हरकत नाही. पण संगीतकाराला काय सुचलं, याइतकाच त्याच्या वादकांच्या हातात काय होतं, यावरही स्वरलिपीचा कागद ठरत असतो. आपण या एका वाद्याच्या मागोमाग जाऊ.

१७२१ साली बाखने सहा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यमेळासाठीच्या रचना, अर्पण केले. पहिल्यात दोन हॉर्न आहेत, आणि दोन्ही बराच वेळ वरच्या टोकाला. कारण उघड आहे, स्वर शेजारी-शेजारी मिळतात ते तिथेच. बाकीचे वादक आपल्या लयीत चाललेत आणि हे दोघे मधेच शिकाऱ्यांसारखी हाळी देतात. खाली सुरांची भरणी करायला हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोआधीचं पट्ट्यांचं तारवाद्य, बसलेलाच असतो.

पुढच्या पन्नासेक वर्षांत हार्पसिकॉर्ड मागे पडला. मग सूर धरून कोण ठेवणार? ते काम बरंचसं हॉर्नच्या गळ्यात पडलं. हायडन किंवा मोत्सार्टच्या सिंफनीतला हॉर्नचा कागद नुसता पाहिला तर कंटाळा येईल. लांबच लांब धरलेले षड्ज, पंचम, आणि मधे ओळीच्या ओळी विश्रांती. पण तेवढेच स्वर काढून टाका, सगळा ऑर्केस्ट्रा पातळ होतो.

षड्ज बदलायचा असेल तर वाद्यात जादा नळी बसवायची. तिला क्रूक म्हणतात. हायडनने १७७२ मध्ये एफ शार्प मायनरसारख्या आडवळणाच्या पट्टीत सिंफनी लिहिली, तेव्हा हॉर्नसाठी अर्ध्या स्वराच्या नळ्या खास बनवून घ्याव्या लागल्या. मोत्सार्टची युक्ती आणखी चलाख. १७८८ची जी मायनर सिंफनी. नळीतला गांधार शुद्ध, आणि याला हवा कोमल. त्याने दोन हॉर्न दोन वेगळ्या पट्ट्यांत लावले: एक जी, दुसरं बी फ्लॅट. पहिल्याकडे जो स्वर नाही, तो दुसऱ्याचा षड्जच आहे!

(संगीत: बेथोव्हेनची पाचवी सिंफनी, पहिला भाग.)

२२ डिसेंबर १८०८, व्हिएन्ना. सुरुवातीचे चार ठोके सगळ्यांना पाठ आहेत. आपण थोडं पुढे जाऊ. इथे ऐका, हॉर्न ललकारी देतात: प-प-प, सा, रे, प. हॉर्न ई फ्लॅटमध्ये लावलेले आहेत, संगीतही तिथेच पोचलंय, त्यामुळे प्रत्येक स्वर मोकळा आणि खणखणीत. काही मिनिटांनी हीच ललकारी परत येते, पण आता सी मेजरमध्ये. ई फ्लॅटच्या हॉर्नच्या हिशेबाने ती होते ग-ग-ग, ध, नी, ग. गांधार नळीत आहे. त्या उंचीवर धैवत आणि निषाद नाहीत. हॉर्नच्या रुंद तोंडात हात घालून ते काढता येतात, पण दबके, आणि ललकारी दबकी कशी चालेल? क्रूक बदलायला उसंत हवी. बेथोव्हेनने ती ओळ दोन बासूनना, म्हणजे खर्जातल्या लाकडी फुंकवाद्यांना, देऊन टाकली.

पुढे सगळे स्वर देणारी हॉर्न आल्यावर अनेक कंडक्टरांनी ती ओळ परत हॉर्नला दिली. बेथोव्हेनला तसंच हवं असणार, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला विचाराल तर बासूनच राहू द्यावेत. तो घोगरा आवाज ऐकला की १८०८चा ऑर्केस्ट्रा जसा होता तसा कळतो.

अडचण सुटली ती व्हॉल्व्हमुळे. हाइनरिश श्टोल्त्सेलने १८१४च्या सुमारास ही कळ हॉर्नला बसवली. बोट दाबलं की हवा जादा नळीतून फिरते. क्रूक बदलण्याचं काम क्षणात. १८४९ मध्ये शूमानने चार हॉर्न थेट ऑर्केस्ट्रापुढे बसवून त्यांच्यासाठी कॉन्सर्टश्ट्युक, म्हणजे मैफलीचा तुकडा, लिहिलं.

सगळे काही खूश नव्हते. ‘ट्रिस्टान’ या ऑपेराच्या स्वरलिपीच्या सुरुवातीला वाग्नरने टीप घातली आहे: व्हॉल्व्हमुळे वाद्याने खूप कमावलं, पण आवाजाचं सौंदर्य थोडं गमावलं. ब्राम्सने तर १८६५चं त्रिकूट साध्या, बिनकळीच्या हॉर्नसाठीच लिहिलं. लहानपणी तो ते वाजवायला शिकला होता. आणि वाग्नरचीच गंमत पाहा. ‘राइनगोल्ड’ या ऑपेराची सुरुवात: आठ हॉर्न एकामागून एक येतात, सगळे स्वर देऊ शकणारे, आणि वाजवतात काय, तर जुन्या नळीतलेच षड्ज, पंचम, गांधार. १३६ मात्राखंड एकच ई फ्लॅट.

मग संख्या आणि आवाज, दोन्ही वाढत गेले. १८९५च्या ‘टिल ऑयलेनश्पीगेल’मध्ये रिचर्ड श्ट्राउस हॉर्नला नायक करतो आणि वरून थेट खर्जात उतरवतो, त्याचे वडील हॉर्नवादक होते, तेव्हा नवल नाही. माह्लर पहिल्या सिंफनीच्या शेवटी हॉर्नवाल्यांना चक्क उभं राहायला सांगतो.

(संगीत: एकटं हॉर्न.)

१९४३ मध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटनने हॉर्नवादक डेनिस ब्रेनसाठी ‘सेरेनेड’ लिहिलं. पहिला आणि शेवटचा तुकडा व्हॉल्व्हला हात न लावता वाजवायचा. तो धड शुद्ध नाही, धड तीव्र नाही असा मध्यम, जो दोनशे वर्षं वादक ओठांनी सावरून घेत होते, त्याला आता सावरायचं नाही. शतक संपता संपता लिगेतीने ‘हॅम्बुर्ग कॉन्चेर्तो’त एकल वादकामागे चार जुनी, बिनकळीची हॉर्न बसवली, प्रत्येकाचे ‘बेसूर’ स्वर एकमेकांवर आदळतील अशी. हे बेसूर कागदावर नीट मोजूनमापून लिहिलेले आहेत.