लाकडी दिसणारं स्वयंपाकघर

नमस्कार श्रोतेहो.

स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलं, की घरात सगळ्यात आधी येतं ते सनमायकाचं जाडजूड कॅटलॉग. सगळे त्याभोवती बसतात. कुणाला गडद अक्रोड आवडतो, कुणाला फिकट ओक, आजींचं मत पडतं की आपला सागवानच बरा. तळहाताएवढ्या तुकड्यावर बोट ठेवून निर्णय होतो. आतली फळी कोणती आणि कडा कशा बंद करायच्या, हे मात्र सुतारावर सोडून दिलं जातं. माझं म्हणणं, हा क्रम उलटा करा. लाकडी कपाटं खरी वाटतात की नकली, हे रंगापेक्षा कडांवर आणि रेषांवर ठरतं. ती किती वर्षं तशी राहतील, ते तर पूर्णपणे आतल्या फळीवर.

सनमायका, म्हणजेच लॅमिनेट, हा मुळात कागद. रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी कागदाचे थर, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला एक कागद, त्यावर मेलामाइनचं पारदर्शक आवरण, आणि हे सगळं उष्णतेनं नि दाबानं एकजीव केलेलं. दारांना लावतात तो साधारण १ मिलिमीटर जाडीचा, ८ बाय ४ फुटांचा ताव. आता बघा, दाराची कड नीट झाकली नाही, तर त्या तपकिरी थराची बारीक काळसर रेघ चौफेर दिसते. समोरून कितीही सुंदर ओक असू दे, ती रेघ दिसली की सोंग उघडं पडलंच. म्हणून त्याच रंगाची, त्याच रेषांची कडपट्टी मागा, आणि ती मशीनवर गरम गोंदाने बसवलेली असू द्या. समोरच्या दारांना २ मिलिमीटरची घ्यावी. पातळ पट्टी कोपऱ्यावर लवकर सुटते, आणि एकदा सुटली की पाणी आत शिरायला वाट मोकळी.

पाण्याचा विषय निघाला, तर आधी सिंकखाली वाका. तिथलं दार खालच्या बाजूने फुगलेलं, पट्टी उचकटलेली, आणि नखाने टोकरलं तर भुसा पडतो, असं दृश्य पुष्कळ घरांत सापडेल. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून केलेली फळी, पाणी प्यायला की परत मूळ जाडीवर येत नाही. साध्या एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचीही तीच गत. सिंकच्या भागात मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवुड घ्या. तिच्यावर आयएस ७१० असा भारतीय मानकाचा शिक्का असतो. दुकानात एक ताव दाखवतील, पण घरी उतरवताना प्रत्येक तावावर शिक्का आहे का, ते बघा. बाकीच्या दारांना एचडीएचएमआर, म्हणजे ओल सोसणारा, एमडीएफपेक्षा घट्ट दाबलेला बोर्ड चालतो. तो सपाट असतो, त्यामुळे लॅमिनेट छान बसतं, पण वजनाला भारी, तेव्हा बिजागऱ्या चांगल्या हव्यात. आणि दाराला बाहेरून लॅमिनेट, आतून नुसता रंग, असली काटकसर करू नका. दोन्ही बाजू सारख्या नसल्या की दार पीळ खातं, आणि शेजारच्या दाराशी त्याची कड जुळत नाही.

आपल्याकडे बऱ्याच घरांत ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे असतात आणि त्यात स्टीलच्या ट्रॉल्या. मॉड्यूलरच्या नावाखाली हे सगळं फोडायचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळतो. माझं मत विचाराल तर कडाप्पा धड असेल तर राहू द्या. त्याला वाळवी नाही आणि तो फुगत नाही. ट्रॉल्यांच्या पुढची पॅनेलं बदला, वरची कपाटं नवी करा. वाचलेल्या पैशांत बिजागऱ्या, ड्रॉवर सरकायचे चॅनेल आणि सिंकखालची मरीन प्लाय सुखाने बसते.

आता रेषा. लॅमिनेटच्या तावावर रेषा सहसा ८ फुटांच्या बाजूने धावतात. दारांवर त्या उभ्या हव्यात की आडव्या, हे आधी ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. एकावर एक तीन ड्रॉवर असतील, तर तिन्हींचे तुकडे तावातून एकाखाली एक कापून घ्यावेत, म्हणजे वरची रेघ खालच्या ड्रॉवरवर सरळ उतरते. याने ताव जास्त लागतो, हे मान्य. सुताराचा कल साहजिकच ताव वाचवण्याकडे, मग एखादा तुकडा फिरवून बसतो, आणि सगळ्या उभ्या रेषांत एक दार आडवं होतं. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. कागदावर प्रत्येक दाराचं चित्र काढा आणि त्यावर बाण करा. आणखी एक गोष्ट, छापील रेषा ठराविक अंतराने परत येतात. ठसठशीत गाठींचं डिझाइन तुकड्यावर भाव खातं, पण दहा दारांवर तीच गाठ दिसायला लागली की नजर तिथेच अडकते. सरळ, शांत रेषांचं घ्या. शक्य असेल तर दुकानात पूर्ण ताव उभा करून बघा.

रंगाचं बघायचं ते आपल्याच स्वयंपाकघरात. नमुना टेबलावर आडवा न ठेवता दाराच्या जागी उभा धरा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री दिवे लावून. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सागवानी रंग करडा पडतो आणि पिवळ्या दिव्याखाली तोच तांबूस होतो. नमुन्यावर हळद कालवलेलं तेल रात्रभर राहू द्या, सकाळी पुसून बघा. गडद अक्रोडावर कणकेचे हात आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. फिकट ओक ते पोटात घालतो. हाताला खरखरीत लागणारा, खऱ्या लाकडासारखा पोत फार मोहात पाडतो, पण गॅसजवळ फोडणीचं तेल त्याच्या खाचांत बसतं, आणि त्यावर पीठ उडालं की ब्रशच हवा. तिथे गुळगुळीत, साध्या रंगाची दारं बरी. लाकडी पोत उंच कपाटाला द्या, फ्रिजच्या बाजूला द्या, जेवणाच्या टेबलाकडे तोंड असलेल्या भागाला द्या. खरं तर लाकूड थोडंच असलं की जास्त उठून दिसतं.

खऱ्या लाकडाचा पातळ काप, म्हणजे व्हिनियर, हवा असेल तर तोही याच कोरड्या बाजूला, वर पॉलिश करून. उजेडाने त्याचा रंग बदलत जातो, हे धरून चाला. पीव्हीसीचा पडदा ओढलेली मेंब्रेनची दारं दिसायला गुळगुळीत आणि बिनजोड, पण ओव्हन किंवा गॅसच्या शेजारी उष्णतेने तो पडदा कडेला सुटतो. कुकरची वाफ थेट जिथे आदळते, त्या वरच्या कपाटाचंही तेच.

काम संपलं की उरलेले दोन तुकडे, थोडी कडपट्टी आणि तावामागचा डिझाइनचा नंबर माळ्यावर जपून ठेवा. डिझाइनं बंद होतात, आणि सिंकखालचं एखादं दार कधीतरी बदलावं लागतंच.

नमस्कार.