भिंत फोडण्याआधी

मंडळी, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल दिसली की सोसायटीत पहिली सूचना येते ती वरच्यांचं बाथरूम फोडायची. आज बराचसा वेळ मी त्या फोडाफोडीच्या आधी काय करायचं यावर घालवणार आहे. पाईप दुरुस्त करायला दोन-चारशे रुपयांचं सामान पुरतं. चुकीच्या जागी फोडलेली फरशी मात्र भारी पडते, कारण तसल्याच टाईल्स पुन्हा मिळतीलच असं नाही.

ओल तीन पाण्यांची असते. नळाला येणाऱ्या लाईनचं पाणी, सांडपाणी आणि पावसाचं पाणी. जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीपर्यंत सुकते ती ओल गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची, तिच्यासाठी बाथरूमला हात लावू नका. उरलेल्या दोघांतला फरक घड्याळ सांगतं. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या लाईनमध्ये दाब चोवीस तास असतो, म्हणून तिची गळती पहाटे तीनलाही सकाळी आठसारखीच. सांडपाण्याची गळती आंघोळीनंतर वाढते आणि रात्री मंदावते. घरातली लाईन थेट नगरपालिकेच्या पाण्यावर असेल तर ती पाणी येण्याच्या वेळीच गळेल, हे ध्यानात ठेवा.

भिंतीवरच्या डागाकडे बघून निष्कर्ष काढू नका. प्लास्टर सुकायला आठवडे लागतात. थेंब पडत असतील तर खाली 200 मिलिलिटरचा पेला ठेवा आणि तो किती वेळात भरतो ते लिहून ठेवा. 10 मिनिटांत भरला तर दिवसाला जवळपास 29 लिटर पाणी जातंय. हा आकडा हाताशी असला की पुढची प्रत्येक चाचणी त्याच्याशी ताडून बघता येते.

आता रात्री गच्चीवर जाऊन त्या बाथरूमच्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि खालचा नळ उघडून लाईन रिकामी होऊ द्या. नळाची धार पूर्ण थांबली पाहिजे. जुने गेट व्हॉल्व्ह आतून झिजलेले असतात, चाक घट्ट फिरलं तरी पाणी सोडतात, आणि मग सगळी चाचणी खोटी ठरते. सकाळी थेंब थांबले किंवा अगदी कमी झाले असतील तर दोष लाईनचा. मग गरम की थंड हे बघायचं. व्हॉल्व्ह पुन्हा उघडून लाईन भरू द्या, गीझरचं बटण बंद करा, त्याच्या इनलेटचा अँगल कॉक, म्हणजे थंड पाणी आत सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करा, मिक्सरचा गरम नळ उघडून दाब काढून टाका आणि बंद करा. थेंब घटले तर गरम लाईन. एवढ्याने अर्धी भिंत वाचते.

व्हॉल्व्ह बंद असूनही थेंब तसेच राहिले तर संशय फरशीवर आणि नहाणी ट्रॅपवर, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून निचरतं त्या जाळीखालच्या भांड्यावर. ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने बंद करा, उंबऱ्याच्या खाली राहील इतपत, म्हणजे 3 ते 5 सेंटिमीटर पाणी साठवा, त्यात नीळ घाला आणि 24 तास थांबा. खाली निळं पाणी आलं तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही आलं तर फडकं काढून बादलीभर निळं पाणी एकदम ओता. तासाभरात खाली दिसलं तर ट्रॅपचा किंवा त्यापुढचा सांधा. फ्लशच्या टाकीतही नीळ घालून वीस मिनिटं फ्लश न करता बघा. कमोडच्या भांड्यात निळसर पाणी उतरलं तर आतलं वॉशर बदलायचं. ही गळती आवाज करत नाही, पण टाकी रिकामी करते.

दुरुस्तीत जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाईप) आणि सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाईप) यांचं गणित वेगळं. जीआय पाईप बहुधा आट्यांवर सडतो, कारण आटे पाडताना तिथला जस्ताचा थर निघून जातो. एक तुकडा बदलला की पाना लावताना शेजारचा आटा तुटतो. विसेक वर्षांच्या लाईनवर ठिगळ मारण्यापेक्षा उघड्यावरून नवी सीपीव्हीसी लाईन नेणं स्वस्त पडतं, दिसायला जरा वाईट दिसलं तरी.

सीपीव्हीसीत नळाच्या मागचा पितळी आट्यांचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, आधी तपासा. नळ जास्त आवळला की पितळ आणि प्लास्टिक यांच्यामध्ये केसाएवढी चीर जाते. तिथे सूत आणि सफेदा (आट्यांवर लावायचा पांढरा लेप) वापरू नका, तेलकट लेप प्लास्टिकला मारक असतो. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने 8-10 वेढे, हाताने घट्ट, मग पान्याने एखादा फेरा, बस.

तुकडा बदलताना दोन्ही बाजूंना फूटभर पाईप मोकळा करा, नाहीतर तो वाकवून कपलरमध्ये, म्हणजे दोन पाईप जोडणाऱ्या नळकांड्यात, घालता येत नाही. काप काटकोनात, कड कानशीने उतरवलेली, आणि आतबाहेर कोरडं. एक थेंब झिरपत राहिला तरी सांधा फसतो. झिरपणं थांबेना तर पाईपमध्ये पावाचा मऊ गर कोंबा, तो नंतर विरघळून नळातून निघतो. त्या वेळी नळाची जाळी काढून ठेवा. सांधा चिकटवायचं सोल्यूशन सीपीव्हीसीचंच घ्या, पाईपवर भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ लावा. घालताना पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा, सोडलं तर पाईप मागे सरकतो. रात्रभर दाब देऊ नका. गळत्या सांध्यावर वरून एम-सीलचा लुकण थापणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं, ओल्या पृष्ठभागाला ते धरत नाही.

खर्चाचा प्रश्न येतोच. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, संडास, सिंक अशा घरातल्या गळतीचा खर्च सभासदाचा, आणि पावसाची तसंच बाहेरच्या सामाईक पाईपची गळती सोसायटीची. म्हणून पेल्याच्या नोंदी आणि चाचण्यांच्या तारखा लेखी ठेवा. भिंतीत पाईपसाठी फोडलेला चर बुजवण्याआधी 24 तास पूर्ण दाबाखाली सांधा उघडा ठेवून बघा, आणि शेजारी मोजायची टेप धरून पाईपचा फोटो काढा, म्हणजे पुढे कुणी टॉवेलचा रॉड लावायला ड्रिल घेऊन आला तर त्याला पाईप कुठून गेलाय ते दाखवता येईल.