लस दिली त्या रात्री बाळाला ताप आला, तर घरी काय करायचं?

नमस्कार. दीड, अडीच किंवा साडेतीन महिन्यांच्या बाळाला आज पेंटाव्हॅलेंटची लस देऊन आणलीय. संध्याकाळ झाली, बाळ किरकिर करतंय, अंग गरम लागतंय, डाव्या मांडीला हात लागला की कळवळतंय. आणि घरातलं मोठं माणूस म्हणतंय, "चांगलं खेळत होतं ओ लेकरू, कशाला टोचून आणलं?" आजचा व्हिडिओ या एका रात्रीसाठी आहे.

आधी ताप का येतो ते बघू. ही लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा एक जंतू) अशा पाच रोगांवरची आहे. यातला डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या अख्ख्या जंतूंपासून बनवतात. शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतं, त्यांच्याशी लढायची तयारी करतं, आणि त्या तयारीत ताप चढतो. बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत येतो, एक-दोन दिवसांत उतरतो. ताप आलाच नाही म्हणून काळजी करणारेही भेटतात. ताप न येताही लस आपलं काम करते.

आता चादरीबद्दल बोलू, कारण सोलापुरात हे बोलावंच लागतं. अंग तापलं की आपण पहिली चादर ओढतो, आणि आपली चादर म्हणजे जाडजूड! एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर जातो. पूर्व भागातल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते तिथं राहणाऱ्यांना सांगायला नको. त्या खोलीत टोपडं, स्वेटर, वर चादर घातली, तर अंगातली उष्णता बाहेर पडणार कुठून? पातळ सुती झबलं पुरे. पंखा चालू ठेवा, वारा थेट तोंडावर येऊ देऊ नका. अंग पुसायचं तर कोमट पाण्यानं पुसा, बर्फाच्या पाण्यानं नको. आणि थंडीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत? तेव्हाही बाळ कुडकुडत नसेल तर हलकंच पांघरूण घाला.

बाळाला अंगावर पाजत राहा, नेहमीपेक्षा जास्त वेळा. पोलिओचे थेंब दिले म्हणून थांबायचं कारण नाही, लगेच पाजलं तरी चालतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी, घुटी, साखरपाणी काही नको. भर उन्हाळ्यातही आईच्या दुधातून पाणी पुरतं.

(दोन्ही बाटल्या कॅमेऱ्यासमोर धरत)

आता नीट बघा. मला या व्हिडिओत सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते. दोन्ही बाटल्यांवर पॅरासिटामॉल लिहिलंय. एक आहे थेंबांची, म्हणजे ड्रॉप्स. हिच्यात १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध आहे. दुसरी सिरपची. हिच्यात ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. लहान, थेंबांच्या बाटलीतलं औषध जास्त कडक आहे!

डोस वजनावर ठरतो. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला एका वेळी ५० ते ७५ मिलिग्रॅम लागतं. ड्रॉप्समधून ते होतं अर्धा ते पाऊण मिली. सिरपमधून साधारण दोन ते तीन मिली. आता समजा, शेजारणीनं सांगितलं, "अडीच मिली दे, माझ्या पोराला तेवढंच देत होते," आणि तुमच्या हातात ड्रॉप्सची बाटली आहे. बाळाच्या पोटात गेलं २५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त चालेल त्याच्या तिपटीहून अधिक. असा जादा डोस वारंवार गेला तर यकृताला इजा होते. म्हणून चमचा वापरू नका, बाटलीसोबतच्या मापानं किंवा सुई नसलेल्या सिरिंजनं द्या. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नको. दीड महिन्याच्या बाळासाठी तर डोस सिस्टरकडून किंवा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. लस द्यायच्या आधीच औषध पाजून नेऊ नका, आणि ॲस्पिरिन मुलांना अजिबात देऊ नका.

मांडीवर थंड पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा. चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद-चुना नको, बाम नको. तेलमालीश करताना ती जागा सोडून द्या. तिथं छोटीशी गाठ हाताला लागते, ती दुखत नसेल तर काही आठवडे राहिली तरी चालते, आपोआप विरते.

बीसीजीचं, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचं, वेगळं आहे. डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, खपली धरतो, व्रण राहतो. त्याला काहीच लावू नका. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप किंवा पुरळ साधारण आठवडाभरानं येतो, हे माहीत असलं की घाबरायला होत नाही.

पण काही वेळा घरी बसायचं नाही. बाळ तीन तासांहून जास्त सलग रडतंय, झटके आले, निपचित पडलं, पांढरं-निळं पडलं, दूध ओढत नाही, ताप १०२ च्या वर जाऊन औषधानंही उतरत नाही किंवा दोन दिवसांनंतरही आहे, तर लगेच दवाखाना. रोटाव्हायरसच्या, म्हणजे जुलाबावरच्या लसीच्या, डोसानंतरच्या दिवसांत थांबून थांबून कळवळून रडणं, उलट्या आणि शौचातून रक्त, हे अगदी क्वचित होतं, पण झालं तर तासभरही थांबू नका. श्वास लागणं, तोंड सुजणं असली तीव्र ॲलर्जी बहुधा काही मिनिटांतच दिसते, म्हणून तर केंद्रावर अर्धा तास बसवतात. तो अर्धा तास बसा. घरी तसं झालं तर १०८ लावा.

घरी विड्या वळणाऱ्या बायांना हजारामागे मजुरी मिळते. रात्र जागून काढली की दुसऱ्या दिवसाचे हजार पुरे होत नाहीत, आणि मग पुढचा डोस 'बघू नंतर' म्हणून राहतो. ही अडचण खरी आहे, तिला आळस म्हणू नये. लसीचा दिवस आशाताईंशी बोलून ठरवा, त्या रात्री घरात हाताखाली कुणी असेल असा. नवरा, सासू, नणंद, कुणीही. औषधाची वेळ कागदावर लिहून ठेवणं त्यांनाही जमतं.

आणि डोसाला उशीर झालाच असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे चालू होतं. कार्ड घेऊन जा. मागच्या वेळी किती ताप आला, किती वेळ रडलं, झटके आले का, सगळं सिस्टरना आधी सांगा. मराठी अडत असेल तर तेलुगूत सांगा, कन्नडमध्ये सांगा, पण सांगा. बाळाचं वजन करून मागा, आणि आजच्या वजनाला पॅरासिटामॉल किती मिली, कोणत्या बाटलीतलं, ते त्याच कार्डावर लिहून घ्या.