तक्रार कोणी बंद करायची?

नमस्कार श्रोतेहो. पाऊस तोंडावर आला की महापालिकेकडे जाणाऱ्या तक्रारी वाढतात, आणि आता त्यांतील पुष्कळशा मोबाईलवरून जातात. इंटरनेटवरून महापालिकेला सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, याविषयी आज बोलायचे आहे, आणि त्यासाठी मी आमच्या गल्लीपासून सुरुवात करतो.

आमच्या गल्लीच्या वळणावरचे चेंबरचे झाकण मे महिन्याच्या अखेरीस फुटले. कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून तिला लाल चिंधी बांधली. समोर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सारी गल्ली बाई म्हणते, त्यांनी रात्री घरी बसून महापालिकेच्या ॲपवर छायाचित्रासह तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी, लिहून ठेवला. चौथ्या दिवशी संदेश आला : ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ बाईंनी खिडकीतून पाहिले, तर फांदी आणि चिंधी जागच्या जागी होती. संदेशासोबतच्या छायाचित्रात मात्र नवे कोरे झाकण होते आणि त्यामागे बुचाचे झाड दिसत होते. आमच्या गल्लीत बुचाचे झाड नाही, शेवग्याचे आहे. बाईंनी तक्रार पुन्हा उघडली, ती ‘काम आधीच पूर्ण’ असा शेरा पडून पुन्हा बंद झाली. तेव्हा दोन्ही छायाचित्रे छापून घेऊन त्या क्षेत्रीय कार्यालयात गेल्या, आणि मीही सोबत गेलो.

तेथील कनिष्ठ अभियंता तरुण होता. त्याने सारे ऐकून घेतले आणि आपला मोबाईल बाईंपुढे धरला. नकाशावरची खूण आमच्या मागच्या गल्लीत पडली होती. बाईंनी घरात बसून तक्रार केल्यामुळे ती थोडी सरकली होती, आणि मागच्या गल्लीतले एक झाकणही खरोखरच तडकलेले होते. त्याने ते बदलले, छायाचित्र काढले आणि तक्रार बंद केली. श्रोतेहो, त्याने खोटे काही केले नव्हते. पुन्हा सांगतो, त्याने खोटे काही केले नव्हते, आणि बाईही खोटे बोलत नव्हत्या, पण एकमेकांना विचारण्याची सोय त्या ॲपमध्ये नव्हती. बाईंनी विचारले, “मग मी मारुतीच्या देवळाकडून दुसरे वळण असा पत्ता लिहिला होता, त्याचे काय?” तो म्हणाला, “काकू, तो पत्ता आमच्यापर्यंत येतच नाही, नकाशावरची खूण तेवढी येते.” दुसऱ्या दिवशी दुपारी दोन बिगारी हातगाडीवरून झाकण घेऊन आले, आणि ते नीट बसेपर्यंत तो अभियंता उन्हात उभा होता.

आपल्याकडे पत्ता देवळाच्या, पिंपळाच्या, किराणा दुकानाच्या खुणेने सांगितला जातो, आणि तो समजून घेण्याची तयारी महापालिकेच्या यंत्रणेत असलीच पाहिजे. माझे तर असे ठाम मत आहे की प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी नावाची ठळक, सुवाच्य पाटी लावण्याचे काम सर्वांत आधी व्हायला हवे, कारण पाटी नसलेली गल्ली टपालवाल्याला आणि रुग्णवाहिकेलाही सापडत नाही.

तक्रार बंद करण्याचा अधिकार एकट्या महापालिकेकडे असू नये. जिच्या दारासमोर चेंबर उघडे आहे, तिने ‘काम झाले’ असे म्हटल्यावरच तक्रार बंद व्हावी.

तक्रारीच्या पुढचे पाऊल म्हणजे पैसा कोठे खर्च व्हावा हे सांगणे. पुणे महापालिकेने 2006 साली अंदाजपत्रकात नागरिकांना कामे सुचवू देण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, दिवे, बाके, बसथांबे अशी आपल्या भागातील छोटी कामे सुचवायची आणि एका कामाची मर्यादा 5 लाख रुपये, असे तिचे स्वरूप आहे. पुढे हा अर्ज इंटरनेटवरूनही भरता येऊ लागला. स्पेनमधील माद्रिद शहराने 2015 साली यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ उघडले आणि पुढे 16 वर्षांवरील रहिवाशांपैकी 1 टक्का लोकांनी पाठिंबा दिलेला प्रस्ताव मतदानाला ठेवायचा, असा नियम केला. तेथील प्लाझा दे एस्पान्या या मोठ्या चौकाचा आराखडा 2017 साली रहिवाशांच्या मताने निवडला गेला आणि 2021 साली तो चौक नव्या रूपात खुला झाला. ज्यांनी मत दिले, त्यांना त्याचे फळ पायाखाली पाहता आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. ज्या काळात सभागृहात नगरसेवक नव्हते, त्या काळात मोबाईलवरची तक्रार हे अनेकांसाठी महापालिकेचे जवळचे दार ठरले. मुंबई महापालिकेने 2019 सालीच आपल्या 24 विभागांसाठी ट्विटरवर स्वतंत्र खाती उघडली होती. तेथे तक्रारही सर्वांना दिसते आणि उत्तरही सर्वांना दिसते. तक्रार आणि उत्तर दोन्ही उघड्यावर असणे, हे मी पुन्हा सांगतो, कारण बंद खिडकीतून मिळालेल्या क्रमांकावरून शेजाऱ्याला काहीच कळत नाही.

बाई आता गल्लीतल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतात : तक्रार घरी बसून करू नका, फुटलेल्या झाकणाशेजारी उभे राहा, नकाशावरची खूण तेथेच पडली आहे ना ते पाहा, मग बटण दाबा आणि क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा. नमस्कार.