जमिनीत सापडलेली धातूची वस्तू ओळखायची कशी? पत्री, नवटाक आणि एक न उलगडलेलं कडं

नमस्कार मंडळी. आधी ही वस्तू बघा.

[वस्तू कॅमेऱ्याजवळ]

पातळ लोखंडी पट्टी, अर्धचंद्रासारखी वळलेली, बाहेरच्या कडेला तीन भोकं. सिन्नरकडे माझ्या मामांचं शेत आहे, तिथे मेटल डिटेक्टर फिरवताना वीतभर खोलीवर सापडली. घरी नेली तेव्हा कुणी म्हणालं चिलखताचा तुकडा, कुणी म्हणालं एखाद्या देवाच्या मूर्तीवरचा दागिना.

ही बैलाची पत्री आहे. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, त्यामुळे घोड्यासारखा एक अखंड नाल त्याला चालत नाही. खुराच्या प्रत्येक अर्ध्या भागाला वेगळी पत्री लागते. भोकं बाहेरच्या कडेला असतात, कारण खिळे खुराच्या बाहेरच्या कठीण भिंतीत मारायचे असतात. भोकांची ही जागा बघितली की दागिन्याचा विषयच संपतो.

पण माझी खरी खात्री पटली ती जागेमुळे. ही पत्री बांधालगत सापडली आणि तिथून वीसेक पावलांवर चाकाच्या धावेचा, म्हणजे चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीचा, तुकडा मिळाला. दोन्ही एकाच रेषेत. मामांना विचारलं तर म्हणाले, "इथूनच तर गाडीवाट जायची पूर्वी, बाजाराला." नुसती पत्री हातात घेतली असती तर एक गंजका पत्रा एवढंच कळलं असतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, वस्तू काय आहे हे विचारण्याआधी ती कुठे होती, किती खोल होती आणि शेजारी काय होतं ते वहीत लिहा. खड्ड्यात असतानाच तिचा फोटो काढा.

आता मशीनबद्दल. डिटेक्टरच्या चकतीतली एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यानं जमिनीतल्या धातूत विजेचे छोटे भोवरे-प्रवाह तयार होतात आणि त्यांचं उलट क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. ते किती उशिरा आणि किती जोरात आलं त्यावरून मशीन आकडा दाखवतं. हा आकडा म्हणजे अंदाज आहे, निदान नाही. त्यात आपली जमीन बेसॉल्टची, काळी. नाल्यातल्या कोरड्या वाळूतून चुंबक फिरवा, काळे कण दाढीसारखे चिकटून येतील. ते मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज. त्यामुळे मशीन रिकाम्या जमिनीवरही कुरकुरतं आणि दर थोड्या अंतरावर ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, म्हणजे मशीनला त्या जमिनीची सवय करून द्यावी लागते. द्राक्षबागेत तर मी मशीन नेतच नाही. छाटणीच्या वेळी पडलेले तारेचे तुकडे पावलापावलावर वाजतात.

वस्तू हातात आली की पहिली परीक्षा चुंबकाची. चिकटली तर लोखंड किंवा पोलाद. आजची एक-दोन रुपयांची नाणीही चिकटतात, म्हणून तर नाशिकच्या रामकुंडावर मुलं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात. मग रंग. तांबडा फुगलेला गंज लोखंडाचा, हिरवा थर तांब्या-पितळेचा, काळपटपणा बहुतेक वेळा चांदीचा, पांढुरकी राखाडी साय शिशाची. जड, काळा, बुडबुड्यांच्या खड्ड्यांनी भरलेला गोळा सापडला तर लोक लगेच उल्का म्हणतात. उल्केत असे बुडबुडे नसतात. तो बहुतेक लोहाराच्या भट्टीतला मळ असतो आणि तिथे कधीकाळी लोहारसाळ होती, ही बातमीसुद्धा मला मोलाची वाटते.

[दुसरी वस्तू]

ही दुसरी. गोल, चपटी, हिरवट, चुंबकाला चिकटत नाही. हिच्यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या, म्हणून ती परीक्षा नीट सांगतो. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा घ्या. आधी वस्तूचं वजन करा. माझं आलं ११६.१ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा आता वस्तूनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. माझं आलं १३.८. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. ८.४, म्हणजे वस्तू पाण्याच्या ८.४ पट जड. लोखंड साधारण ७.९, तांबं ८.९, चांदी १०.५, शिसं ११.३, सोनं १९.३. साडेआठच्या आसपास म्हणजे बहुतेक पितळ.

धातू कळला, वस्तू कळली नव्हती. मग ११६ हा आकडा डोक्यात घोळू लागला. एक तोळा ११.६६ ग्रॅम. दहा तोळे म्हणजे ११६.६. मातीत थोडं झिजलेलं धरा. ऐंशी तोळ्यांचा शेर, त्याचा आठवा भाग दहा तोळे, म्हणजे नवटाक! दशमान वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि ही जुनी मापं दुकानातून गेली. खात्रीसाठी भांडी बाजारात एका जुन्या दुकानदार काकांना दाखवलं. त्यांनी तळहातावर तोललं आणि "नवटाक आहे" म्हणाले, काटा न लावता. सापडलं कुठे? त्याच गाडीवाटेच्या टोकाला, जिथे आठवडे बाजार भरायचा.

एक गोष्ट मात्र करू नका. आपल्याकडे हिरवं पितळ दिसलं की हात चिंचेकडे जातो. चिंच, लिंबू, राख, तारेचा ब्रश, काहीही नको. तो थर गेला की त्याखालची अक्षरं आणि ठसेही जातात. कोरड्या मऊ ब्रशनं माती झटका, कागदात गुंडाळा, बस.

आणि देवळाली परिसरातल्या सगळ्यांसाठी, हे गांभीर्यानं ऐका. तिथे सैन्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, सरावाची मैदानं आहेत. जड लोखंडी नळकांडं, टोकाला निमुळतं, किंवा शेपटाला पंख असलेलं, किंवा बुडाजवळ तांब्याचा पट्टा आणि त्यावर तिरक्या खाचा दिसल्या, तर तो तोफगोळा आहे असं समजा. हलवू नका, ठोकू नका, भंगारात तर मुळीच नेऊ नका. जागेची खूण ठेवून लांब व्हा आणि ११२ वर फोन करा. गंजला म्हणून तो मेलेला नसतो.

आता नाणी. १९०६ मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला. नहपानाचा पाडाव कुणी केला, याचा एवढा ठोस पुरावा त्या साठ्यानं दिला. हीच नाणी सापडणाऱ्यांनी वाटून घेऊन वितळवली असती, तर? पांडवलेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे, त्यात सत्तर हजार कार्षापणांचं, म्हणजे त्या काळच्या नाण्यांचं, दान कोरलंय. लेण्यातला तो आकडा आणि मातीतली ही चांदी एकमेकांशी बोलतात, कारण ती एकत्र राहिली.

म्हणून कायदाही माहीत असू द्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेला, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही. आणि पांडवलेणी किंवा कुठल्याही संरक्षित जागी मशीन घेऊन खणायला जाऊ नका. स्वतःच्या शेतात, नाहीतर मालकाच्या परवानगीनं. नाण्यांविषयी शिकायचं असेल तर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, एक दिवस काढून जाच.

[तिसरी वस्तू]

आणि हे राहिलं. लोखंडी कडं, अंडाकृती, लांबी ९ सेंटिमीटर, आतली एक बाजू झिजलेली. आकारावरून मी वसू म्हणेन, नांगराला फाळ घट्ट बसवणारं कडं. पण सापडलं जुन्या विहिरीपाशी, मोटेच्या धावेवर, म्हणजे मोट ओढताना बैल ये-जा करायचे त्या वाटेवर, आणि बैल तिथे मोट ओढायचे, नांगर नाही. ज्यांच्या घरी मोट चालायची त्यांनी आजोबांना, आजींना हा भाग दाखवा. अशी झीज दोरानं पडते की फाळानं, एवढंच त्यांना विचारा आणि मला कळवा.